प्रवासाच्या वेळेचा भरवसा नसताना ड्रायव्हर कुठला रस्ता धरतो, याचं मॉडेल कसं बांधायचं

समजा एकाच ठिकाणी जायला दोन रस्ते आहेत. पहिला जवळचा, पाचातले चार दिवस २५ मिनिटांत पोचवतो पण पाचव्या दिवशी कुठेतरी अडकतो आणि ५० मिनिटं खातो. दुसरा लांबचा पण भरवशाचा, निम्मे दिवस ३१ मिनिटं आणि निम्मे दिवस ३५. सरासरी काढली तर पहिला ३० आणि दुसरा ३३, म्हणजे नुसत्या सरासरीवर चालणारं मॉडेल सगळ्यांना पहिल्या रस्त्यावर पाठवून मोकळं होतं, आणि प्रत्यक्षात गाड्या मोजायला उभं राहिलं की दुसऱ्या रस्त्यावरही चांगली गर्दी दिसते. ही जोडी शेवटपर्यंत हाताशी ठेवा. खाली जे काही आहे त्यातलं बहुतेक या दोन रस्त्यांवरच करून बघता येतं, कागद पेन पुरे.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, की मी जी अनिश्चितता मॉडेलमध्ये घालणार आहे ती नक्की कोणाची? तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या सर्रास एकात मिसळतात. एक म्हणजे रस्त्याची स्वतःची, आज २५ लागतील का ५० हे खरंच कोणालाच माहीत नसतं. दुसरी ड्रायव्हरच्या समजुतीतली, म्हणजे रस्ता ३० मिनिटांचा आहे पण त्याला वाटतं ३५ चा आहे कारण तो तिथून वर्षात दोनदाच गेलाय. आणि तिसरी आपली, मॉडेल करणाऱ्याची, ड्रायव्हरला सगळं नीट माहीत आहे पण त्याला वाटेत मुलीला शाळेत सोडायचंय हे आपल्याला माहीत नाही.

हा भेद इतका महत्त्वाचा का, तर १९७७ साली डागान्झो आणि शेफी यांनी स्टोकॅस्टिक युजर इक्विलिब्रियम (प्रत्येक जण स्वतःच्या समजुतीप्रमाणे सगळ्यात बऱ्या वाटणाऱ्या रस्त्यावर आहे अशी संतुलनाची स्थिती) मांडलं तेव्हापासून त्या नावातला स्टोकॅस्टिक, म्हणजे रँडम, हा शब्द बघून भरपूर जणांना वाटतं की चला, अनिश्चितता आली मॉडेलमध्ये. नाही आली. त्यात जी रँडम टर्म आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची आहे, रस्त्याचा वेळ मात्र ठरलेल्या ट्रॅफिकला एकच ठरलेला आकडा असतो. साधं लॉजिट, म्हणजे कॉस्टवरून कुठल्या रूटने किती टक्के लोक जातील ते काढणारं सूत्र, लावलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की आम्ही ट्रॅव्हल टाइमची अनिश्चितता धरली, तर ते चूक आहे, आणि ही चूक मला फार वेळा दिसते म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आता रस्त्याची अनिश्चितता मोजायची कशी. डेटा हातात आला की पहिला मोह होतो तो म्हणजे तीन महिन्यांचे सगळे वेळ एकत्र करून स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे वेळ सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात त्याचं माप, काढायचा. तसं करू नका. सोमवारी सकाळी रस्ता भरतो आणि रविवारी रिकामा असतो हे रोजच्या ड्रायव्हरला पक्कं माहीत असतं, त्याच्यासाठी ती अनिश्चितता नाहीच, तो नुसता अंदाज येण्यासारखा फरक आहे. म्हणून आधी गट पाडा, निघायची वेळ पंधरा पंधरा मिनिटांच्या खिडकीत, कामाचा दिवस का सुट्टी, पाऊस का कोरडं, आणि मग प्रत्येक गटाच्या आत जो पसारा उरतो तोच ड्रायव्हरचा खरा धोका. गट पाडले की स्टँडर्ड डेव्हिएशन चांगलंच खाली येतं, आणि तुमचे नंतरचे सगळे आकडे यावर उभे असतात. अर्थात एखादा पाहुणा ड्रायव्हर असेल, पहिल्यांदाच त्या भागात आलेला, तर त्याच्या दृष्टीने सगळं मिसळलेलंच असतं, त्यामुळे शक्य असेल तर रोजचे आणि क्वचितचे प्रवासी वेगळे ठेवा.

पसाऱ्याचा आकार पण बघा. प्रवासाचे वेळ डाव्या बाजूला आपटतात, कारण मोकळ्या रस्त्यापेक्षा फास्ट जाताच येत नाही, आणि उजवीकडे लांब शेपटी असते. नॉर्मल डिस्ट्रिब्युशन धरलं की ही शेपटी कापली जाते. लॉगनॉर्मल त्यापेक्षा बरं बसतं, आणि काहीच नीट बसत नसेल तर सरळ पर्सेंटाइल वापरा, ९० वा वजा ५० वा. ते समजवायलाही सोपं जातं, मधला दिवस आणि दहातला वाईट दिवस यात किती मिनिटांचा फरक, एवढंच.

लिंकवरून, म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याच्या एकेका तुकड्यावरून, पूर्ण रूटचा हिशोब करताना इथे एक खड्डा आहे तो बघून चला. सरासरी वेळांची बेरीज होते, स्टँडर्ड डेव्हिएशनची होत नाही. धरा रूटवर १० लिंक आहेत, प्रत्येकीची सरासरी ३ मिनिटं आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १ मिनिट. लिंक एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर पूर्ण रूटचं स्टँडर्ड डेव्हिएशन १० चं वर्गमूळ, म्हणजे ३.२ च्या आसपास. सगळ्या एकत्रच बिघडत असतील तर १०. प्रत्येक जोडीत ०.५ चं कोरिलेशन (० म्हणजे स्वतंत्र, १ म्हणजे पूर्ण एकत्र) असेल तर ७.४. तिन्ही वेळा लिंकचा डेटा तोच आणि उत्तर तिप्पट वेगळं! आणि रस्ते स्वतंत्र नसतातच, पुढचा चौक तुंबला की मागचा तुंबतो, पाऊस आला की सगळेच हळू होतात. म्हणून जमेल तिथे लिंकवरून जुळवण्यापेक्षा पूर्ण रूटचे वेळ मोजा, एकच गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलेली, आणि ते नसेल तर निदान शेजारच्या लिंकमधलं कोरिलेशन तरी काढा.

मग येतो तो मुख्य भाग, ड्रायव्हर या पसाऱ्याला किती किंमत देतो. सगळ्यात सोपी रीत म्हणजे रूटची कॉस्ट = सरासरी वेळ + एक गुणक गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन. या गुणकाला रिलायबिलिटी रेशो म्हणतात. आपल्या जोडीत पहिल्या रस्त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन १० येतं, दुसऱ्याचं २. गुणक ०.८ धरला तर पहिला ३०+८ म्हणजे ३८, दुसरा ३३+१.६ म्हणजे ३४.६, दुसरा जिंकला. पारडं कुठे फिरतं ते काढलं तर ०.३७५ येतं, त्याच्या खाली गुणक असलेला माणूस पहिला रस्ता धरतो, वरचा दुसरा. म्हणजे लोकांमध्ये हा गुणक कसा पसरलाय ते कळलं की दोन्ही रस्त्यांवर गाड्या का दिसतात हे आपोआप कळतं.

पण मला स्वतःला दुसरी रीत जास्त पटते, कारण त्यात माणूस दिसतो. माणसाला स्टँडर्ड डेव्हिएशनचा त्रास होत नाही, उशीर झाल्याचा होतो. १९६९ मध्ये विकरीने आणि मग १९८२ मध्ये स्मॉलने हे नीट मांडलं, की प्रवासाच्या एका मिनिटाची किंमत १ धरली तर लवकर पोचून फुकट घालवलेल्या मिनिटाची त्याहून कमी आणि उशिराच्या मिनिटाची बरीच जास्त. स्मॉलच्या आकड्यांत हे साधारण ०.६ आणि २.४ येतात. आता आपल्या ड्रायव्हरला ९ वाजता पोचायचंय आणि तो ८:२५ ला निघतो. पहिल्या रस्त्याने चांगल्या दिवशी २५ मिनिटं प्रवास आणि १० मिनिटं लवकर, खर्च ३१. वाईट दिवशी ५० मिनिटं प्रवास आणि १५ मिनिटं उशीर, खर्च ८६. पाचातला एक दिवस वाईट, म्हणून सरासरी ४२. दुसऱ्या रस्त्याने ३३.४ किंवा ३५, सरासरी ३४.२. दुसरा रस्ता आरामात जिंकतो. तोच माणूस संध्याकाळी घरी परततो, पोचायची घाई नाही, उशिराचा दंड शून्य, मग ३० विरुद्ध ३३ आणि तो पहिल्या रस्त्याने जातो. माणूस तोच, फक्त पोचायची सक्ती गेली. म्हणूनच सकाळच्या डेटावर काढलेला गुणक संध्याकाळला लावू नका, ट्रिपचं कारण आणि पोचायची सक्ती हे मॉडेलमध्ये असायलाच हवं.

याच हिशोबात अजून एक गंमत आहे. पहिल्या रस्त्याने निघायची वेळ बदलून बघा, ८:१० ला निघालात तरी खर्च ४२, ८:३५ ला निघालात तरी ४२. कारण असं, की निघायची सगळ्यात चांगली वेळ ती जिथे उशीर व्हायची शक्यता ०.६ भागिले ३, म्हणजे ०.२ इतकी असते, आणि आपल्या पहिल्या रस्त्याचा वाईट दिवस नेमका ०.२ शक्यतेचा आहे, त्यामुळे मधली सगळी जागा सपाट आहे. २०१० मध्ये फॉस्गेराव आणि कार्लस्ट्रॉम यांनी दाखवलं की माणूस निघायची वेळ अशी नीट निवडत असेल तर ही उशीर-लवकरवाली रीत आणि सरासरी अधिक स्टँडर्ड डेव्हिएशनवाली रीत एकच होते, फक्त गुणक पसाऱ्याच्या आकारावर अवलंबून राहतो. पडताळून बघा, पहिल्या रस्त्याचे ४२ म्हणजे ३० + १.२ गुणिले १०, दुसऱ्याचे ३४.२ म्हणजे ३३ + ०.६ गुणिले २. तोच माणूस, तेच दंड, पण लांब शेपटीच्या रस्त्याला गुणक दुप्पट! सगळ्या रस्त्यांना एकच गुणक लावला की शेपटीवाले रस्ते मॉडेलमध्ये आहेत त्यापेक्षा बरे दिसायला लागतात.

प्रॉस्पेक्ट थिअरी वापरू का असं बरेच जण विचारतात. काहनेमन आणि टव्हर्स्की यांची १९७९ ची मांडणी, नुकसान हे तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त टोचतं, १९९२ च्या त्यांच्या पेपरात साधारण २.२५ पट. वापरता येते, पण त्यात नफा आणि तोटा मोजायला एक संदर्भबिंदू लागतो आणि रस्त्यावर तो कुठला? नेहमीचा वेळ, अॅपने दाखवलेला वेळ, का ऑफिसची वेळ? तो बदलला की निकाल उलटतो. संदर्भबिंदू तुम्ही ड्रायव्हरला विचारून किंवा डेटातून काढू शकत असाल तरच या वाटेला जा, नाहीतर उशीर-लवकरवाली रीत जवळजवळ तेच काम करते आणि तिथे ९ वाजता पोचायचंय हा संदर्भबिंदू निदान खरा असतो.

कॉस्ट ठरली, आता लॉजिट लावा. प्रत्येक रूटच्या कॉस्टला थीटाने (कॉस्टमधल्या फरकाला लोक किती दाद देतात त्याचा आकडा) गुणा, पुढे उणे चिन्ह लावा, एक्स्पोनेन्शियल घ्या आणि सगळ्यांच्या बेरजेने भागा, झाला त्या रूटचा वाटा. ३८ विरुद्ध ३४.६ मध्ये थीटा ०.२ धरला तर दुसऱ्या रस्त्यावर ६६ टक्के जातात. लक्षात ठेवा, थीटामध्ये दुसरी आणि तिसरी अनिश्चितता राहते, समजुतीतली चूक आणि आपलं अज्ञान, आणि पहिली कॉस्टच्या आत. ड्रायव्हरना चांगली माहिती मिळायला लागली तर थीटा वाढेल, रस्ता दुरुस्त झाला तर कॉस्टमधला पसारा कमी होईल, दोन्हीचे परिणाम वेगळे आणि मॉडेलनेही ते वेगळेच दाखवले पाहिजेत.

लॉजिटचा जुना आजार म्हणजे ओव्हरलॅप. तीन रूट, कॉस्ट सारखी, पण त्यातले दोन जवळजवळ सगळीकडे एकच, शेवटी जरा फाटे फुटतात. लॉजिट प्रत्येकाला एक तृतीयांश देतं, खरं म्हणजे वेगळ्या रूटला अर्धे आणि बाकी दोघांना पाव पाव मिळायला हवेत. पाथ साइज टर्म, म्हणजे रूटचा किती भाग त्याचा एकट्याचा आहे ते सांगणारा आकडा, घाला, दोन रूट पूर्ण एकावर एक असतील तर प्रत्येकाचा पाथ साइज अर्धा होतो, त्याचा लॉग युटिलिटीत (म्हणजे उणे थीटा गुणिले कॉस्ट, यात) मिळवला की वाटे बरोबर पाव पाव येतात. अनिश्चिततेत याला अजून एक पदर आहे, ओव्हरलॅपवाल्या रूटचा धोकाही सामाईक असतो, वाटेतला पूल बंद पडला तर दोन्ही बंद, म्हणजे एक दुसऱ्याचा पर्याय म्हणून कामाचा नाही.

कुठले रूट पर्याय म्हणून द्यायचे, याला लोक वेळ देत नाहीत आणि मग सगळं बिघडतं. येनचा १९७१ चा के-शॉर्टेस्ट पाथ अल्गोरिदम, जो सगळ्यात छोटे हवे तितके रूट ओळीने काढून देतो, चालवला तर पहिले वीस रूट म्हणजे एकाच रूटवर एकेक गल्ली बदललेली असते. त्यापेक्षा लिंकचे वेळ त्यांच्या डिस्ट्रिब्युशनमधून पुन्हा पुन्हा काढा, दर वेळी शॉर्टेस्ट पाथ शोधा, आणि जे जे रूट कधी ना कधी सगळ्यात छोटे आले ते ठेवा. यात वाईट दिवसांत कामाला येणारे रूटही आपोआप सापडतात. यादी करायचीच नसेल तर २०१३ चं रिकर्सिव्ह लॉजिट बघा, त्यात प्रत्येक नोडवर, म्हणजे चौकावर, पुढची लिंक निवडली जाते.

आणि नोडवर निवड म्हटलं की आपण त्या गोष्टीपाशी येतो जी मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते. ड्रायव्हर घरून निघताना रूट ठरवून डोळे मिटत नाही. १९८६ मध्येच हॉलने दाखवलं होतं की वेळ रँडम आणि बदलते असतील तर सरासरीने सगळ्यात कमी वेळ देणारी गोष्ट एक ठराविक रूट नसते, ती एक पॉलिसी असते, की इथे पोचल्यावर असं दिसलं तर डावीकडे, तसं दिसलं तर सरळ. आपल्या पहिल्या रस्त्यावर दहाव्या मिनिटाला एक फाटा आहे असं धरा, जाम दिसला तर तिथून वळून एकूण ३८ मिनिटांत पोचता येतं. आता त्या रस्त्याची सरासरी २७.६ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ५.२, गुणक तोच ०.८, कॉस्ट ३१.८ च्या आत. मघाशी हरलेला रस्ता आता ३४.६ वाल्या भरवशाच्या रस्त्याला हरवतो. रस्त्यात काही बदललं नाही, फक्त मधे निर्णय घ्यायची सोय आली. फोनवर लाइव्ह ट्रॅफिक बघत चालवणाऱ्यांचं मॉडेल ठराविक रूटने केलंत तर ते फाटे असलेल्या रस्त्यांना नेहमी कमी लेखणार आणि बिनफाट्याच्या हायवेला जास्त.

आकडे काढायला डेटा दोन प्रकारचा. लोकांना विचारून केलेल्या सर्व्हेत स्टँडर्ड डेव्हिएशन हा शब्द चुकूनही नको, त्याऐवजी पाच दिवसांचे पाच वेळ दाखवा, २५, २५, २५, २५, ५०, आणि शेजारी दुसऱ्या रस्त्याचे पाच, मग विचारा कुठून जाल. जीपीएसचा डेटा खरा असतो पण आधी पॉइंट रस्त्यावर बसवावे लागतात, त्याला हिडन मार्कोव्ह मॉडेलवाली रीत (एकेक पॉइंट सुटा न बघता सगळी साखळी बघून बहुधा कुठला रस्ता ते ठरवणारी) चांगली चालते, आणि त्याची मोठी अडचण अशी की जे रस्ते हळू तेच बेभरवशाचेही, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन जोडीने वाढतात, त्यामुळे मॉडेलला कळत नाही कशाला किती श्रेय द्यायचं. गुणक उणे आला तर आधी इथेच बघा. सर्व्हे आणि जीपीएस एकत्र करून, दोघांना वेगळा स्केल, म्हणजे वेगळा थीटा, देऊन, अंदाज काढणं हा चांगला मार्ग. पायथनमध्ये बायोजीम, आरमध्ये अपोलो, दोन्ही फुकट आहेत आणि मिक्स्ड लॉजिट करतात, ते हवंच कारण गुणक माणसागणिक बदलतो. एकाच माणसाच्या अनेक ट्रिप असतील तर त्याचा गुणक त्याच्या सगळ्या ट्रिपला एकच ठेवा, आणि मॉडेल तपासायला डेटा बाजूला काढताना ट्रिप नाही, माणसं बाजूला काढा, नाहीतर मॉडेल त्या माणसांची सवय पाठ करून तुम्हाला खोटा दिलासा देईल.

पूर्ण नेटवर्कवर न्यायचं असेल तर गर्दीचा परिणाम वेळेवर आणि वेळेचा गर्दीवर, हे चक्र सोडवावं लागतं. गर्दीवरून वेळ काढणारं बीपीआर फंक्शन या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं, मोकळा वेळ × (१ + ०.१५ × (व्हॉल्युम ÷ कपॅसिटी) चा चौथा घात). इथे कपॅसिटीच रँडम करा. रस्ता अर्धा भरलेला असताना कपॅसिटी २० टक्क्यांनी घटली तर वेळ मोकळ्या वेळेपेक्षा ०.९ टक्के जास्त होता तो २.३ टक्के होतो, कोणाला कळणारही नाही. पूर्ण भरलेला असताना तीच घट १५ टक्क्यांवरून ३६.६ टक्क्यांवर नेते. म्हणजे बेभरवसा हा रस्त्याचा कायमचा गुण नाही, तो गर्दीबरोबर जन्मतो, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन बाहेरून ठरलेला आकडा म्हणून घातलंत तर भरवशाच्या रस्त्यावर सगळे गेल्यावर तो भरवशाचा राहत नाही हे मॉडेलला कधीच दिसणार नाही. सोडवायला मेथड ऑफ सक्सेसिव्ह अॅव्हरेजेस चालते, दर फेरीत जुन्या उत्तराकडून नव्याकडे थोडं सरकायचं, पहिल्या फेरीत पूर्ण पाऊल, मग १/२, मग १/३, हळू आहे पण पोचते. फक्त डायक्स्ट्रावर, म्हणजे लिंकच्या कॉस्ट जोडत छोटा रूट शोधणाऱ्या नेहमीच्या अल्गोरिदमवर, विसंबू नका, स्टँडर्ड डेव्हिएशनची बेरीज होत नाही त्यामुळे लिंकलिंकने शॉर्टेस्ट पाथ काढला की उत्तर चुकू शकतं, रूटची यादी धरून चाला. पहिली चाचणी सू फॉल्सच्या प्रसिद्ध छोट्या नेटवर्कवर करा, २४ नोड आणि ७६ लिंक, काय बिघडलं ते डोळ्यांनी शोधता येतं.

तपासणीत नुसते वाटे जुळले म्हणून थांबू नका, साध्या लॉजिटनेही ते बऱ्याचदा जुळतात. सरासरी तीच ठेवून एका रस्त्याचा पसारा दुप्पट करा, वेळेत पोचायची सक्ती असलेले त्यावरून आधी हलले पाहिजेत आणि सक्ती नसलेले जवळपास तिथेच राहिले पाहिजेत. मग असा एक खरा दिवस शोधा ज्या दिवशी एखादा मोठा रस्ता अचानक बंद झाला होता, त्या दिवसाचा डेटा मॉडेलला न दाखवता त्याच्याकडून अंदाज घ्या. आणि बंद पडल्याच्या दिवसापेक्षाही, रस्ता सुरू झाल्यानंतरचे आठ-दहा दिवस बघा, किती जण परत येतात आणि किती दिवसांनी, कारण ड्रायव्हरच्या डोक्यातला पसारा रस्त्याच्या पसाऱ्यापेक्षा उशिरा सावरतो, आणि तुमच्या मॉडेलमध्ये हे दोन वेगळे ठेवलेत का नाही ते तिथे दिसतं.